पाठीवर तीन लिटर पाणी, तरी काका बसले: राजमाचीच्या एका राइडचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबरच्या अखेरीस एका रविवारी आमच्या ग्रुपची खोपोली ते राजमाची आणि परत अशी माउंटन बाइकची राइड होती. परळचे एक काका, वय पन्नाशीला टेकलेलं, परतीच्या वाटेवर उधेवाडी सोडून थोडं पुढे आल्यावर सायकलवरून उतरले आणि दगडावर बसले ते उठेचनात. हात थरथरत होते, अंगाला गार घाम सुटला होता, आणि साध्या प्रश्नालाही तिरसट उत्तरं येत होती. त्या क्षणी त्यांच्या पाठीवर लिटरभराहून जास्त पाणी होतं आणि बॅगेत चार तास सहज पुरेल एवढं खाणं होतं. खाणं न नेल्यामुळे माणूस गळाठला तर त्यात लिहिण्यासारखं काही नाही. सगळं जवळ असून तो गळाठतो, तेव्हा मात्र बॅग उघडून बघावी लागते. ती आम्ही नंतर लोणावळ्यात अक्षरशः उघडून टेबलावर रिकामी केली.

काका नवखे नाहीत. रोड सायकलवर २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, त्यांनी वेळेत पूर्ण केल्या आहेत. माउंटन बाइक मात्र नवी, साधी हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढच्या चाकाला. तिचा सराव आरे कॉलनीत आणि येऊरला, तोही तास-दोन तासांचा. एवढ्या वेळात काही खाल्लं नाही तरी चालून जातं, कारण शरीरात यकृत आणि स्नायू मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकांचा साठा असतो. म्हणजे खाण्याची सोय तपासून बघायची वेळ सरावात त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. रोडवर ती सोय आपोआप होते. दर काही किलोमीटरवर टपरी असते, रस्ता सपाट असला की एक हात मोकळा असतो, आणि जर्सीच्या मागच्या खिशातलं केळं न बघता काढता येतं.

वाट आणि बॅग

पहाटेच्या लोकलमध्ये लगेजच्या डब्यात सायकली चढवून कर्जत, तिथून खोपोलीची गाडी. खोपोलीहून जुन्या हायवेने, शिंग्रोबाच्या देवळावरून बोरघाट चढून खंडाळा आणि लोणावळा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे आणि खोपोली शंभराच्याही खाली, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास चढाई डांबरावरच होते. पुढे तुंगार्लीच्या बाजूने बाहेर पडलं की कच्चा रस्ता लागतो, आणि फणसराईमार्गे साधारण १५-१६ किलोमीटरवर उधेवाडी, श्रीवर्धन आणि मनरंजन या राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याचं गाव. सुटे दगड, पावसाने पाडलेले चर, ओढ्यात उतरून लगेच वर चढणारे तुकडे. मध्ये भरवशाचं दुकान नाही. ओढ्याला ऑक्टोबरात पाणी असतं, पण वर गुरं चरत असतात, त्यामुळे ते शुद्ध केल्याशिवाय प्यायचं नाही.

काकांनी हायड्रेशन पॅकमधला, म्हणजे पाठीवरच्या बॅगेतला, तीन लिटरचा ब्लॅडर (तोंडापर्यंत नळी येणारी पाण्याची पिशवी) साध्या पाण्याने काठोकाठ भरला होता. फ्रेमवर ७५० मिलीची एक बाटली, तिच्यात लिंबू, साखर आणि मीठ. जर्सीच्या मागच्या खिशांत वेलची केळी आणि चिक्की. पॅकच्या तळाशी, जास्तीची ट्यूब, पंप आणि पावसाळी जॅकेट यांच्या खाली, स्टीलचा डबा. डब्यात राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि शेजारच्या गुजराती बेनने दिलेले मेथीचे ठेपले. यादी वाचली तर कोणीही म्हणेल, उत्तम तयारी आहे. मीही स्टेशनवर तेच म्हटलं असतं.

दिवसभरात पोटात काय गेलं

घरून निघताना चहा-खारी. घाटाच्या सुरुवातीला एक केळं. घाटाचा चढ लांब पण रस्ता गुळगुळीत, वेग मंद, हात मोकळा. दिवसभरात खायला याहून चांगली जागा नव्हती. पण तेव्हा भूक नव्हती, म्हणून बाटलीतलं दोन घोट पिऊन काका चढत राहिले. लोणावळ्यात सगळ्यांनी चहा घेतला, काकांनी अर्धा वडापाव. ऊन चढायच्या आत निघायचं होतं.

कच्च्या रस्त्यावर पहिल्याच ओढ्याच्या उतारावर बाटली केजमधून, म्हणजे फ्रेमवरच्या तिच्या पिंजऱ्यातून, उडाली. सस्पेन्शनचा खडखडाट, दगडांचा आवाज, आणि नजर पुढच्या चाकावर. त्यांना कळलंही नाही. ती परतीच्या वाटेवर सापडली, तोंडावर शेणमातीचा थर. चालत्या सायकलवर हाताशी येणारी बहुतेक साखर आणि मीठ त्या एका भांड्यात होतं, आणि पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेलंही तेच भांडं होतं.

त्यानंतर राहिली नळी. नळी हाताशी असल्याने काका साधं पाणी भरपूर प्यायले. पोट डुचमळायला लागलं आणि भूक मेली. आमच्यातल्या मुलुंडच्या ताईंनी फणसराईजवळ विचारलं, "काका, काही खाल्लंत का?"

"आहे की पाठीवर," काका म्हणाले.

होतं, पण काढायचं कसं? जर्सीच्या खिशांवर पॅक बसला होता. हात मागे नेला की बोटांना फक्त पॅकची कड लागायची. खिशातली केळी पॅकखाली चेंगरून लापशी झाली होती, आणि घामाच्या वाफेत चिक्कीने कागद सोडायला नकार दिला होता. डबा काढायचा तर थांबा, पॅक उतरवा, पंप आणि ट्यूब बाहेर काढा. पुढे पंचविशीतली पोरं जात होती. आपल्यामुळे सगळे खोळंबतील या संकोचाने काका थांबले नाहीत. मुंबईच्या माणसाला दारात उभं राहून लोकल अडवल्यासारखं वाटतं ते. हा संकोच मला या प्रकरणात बाटलीइतकाच महत्त्वाचा वाटतो, फक्त तो कुठल्या केजमध्ये दिसत नाही.

उधेवाडीला एका घरी जेवण सांगितलेलं होतं: पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, वर भात. सकाळपासूनची भूक काकांनी तिथे भागवली, तीही पोटभर. मग लगेच भर उन्हात चढ. तेल, डाळीचं पीठ आणि भाकरीचा चोथा पोटातून सावकाश पुढे सरकतो, आणि पाय जोरात काम मागत असले की पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होऊन तो आणखी रेंगाळतो. पोटात भाकरी होती, पायात काही नव्हतं.

बसल्यावर आम्ही आधी सावली शोधली, मानेवर ओला रुमाल ठेवला आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे का ते विचारलं. नव्हती. अंग तापलेलं नव्हतं आणि बोलणं चिडकं असलं तरी संगत होतं. अंग भट्टीसारखं तापलेलं असतं किंवा माणूस बरळत असता तर तो उष्माघात समजून थंड करत करत थेट लोणावळ्याचं हॉस्पिटल गाठावं लागलं असतं, तिथे साखरपाण्याचे प्रयोग करायचे नसतात. ताईंच्या बाटलीत साखर घातलेलं कोकमाचं आगळ होतं. आगळ मुळातच खारवलेलं असतं. ते घोट घोट दिलं, वर लिमलेटच्या दोन गोळ्या. आणखी साधं पाणी मुद्दाम दिलं नाही. वीसेक मिनिटांत काकांनी स्वतःहून पहिला विनोद केला, तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास सोडला. चढ चालत, उतार हळू, असं करत लोणावळा. खाली घाट उतरायचा बेत रद्द करून काका आणि सायकल टेम्पोतून खोपोलीला.

हिशोब

लोणावळ्यात हॉटेलच्या टेबलावर पॅक रिकामा केला. लाडू, खजूर, ठेपले सगळे जसेच्या तसे. फक्त लाडूंचा भुगा झालेला. जेवणाच्या आधीच्या चार तासांत काकांच्या पोटात खारी, केळं, अर्धा वडापाव आणि बाटलीचे काही घोट मिळून अंदाजे पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं गेली होती. लांब राइडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात. अडीच-तीन तासांच्या पुढे, पोटाला सवय असेल तर, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळून ९० पर्यंत जाता येतं. कारण आतड्यात या दोन साखरांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि एकट्या ग्लुकोजची वाट तासाला साठेक ग्रॅमला तुंबते. साखर आणि गूळ यांत हे दोन्ही घटक असतातच, त्यामुळे परदेशी एनर्जी जेलच्या पाकिटावर जे मिश्रण मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते आपल्या चिक्कीत आयतंच आहे. चिक्कीत शेंगदाण्याचं तेलही आहे, म्हणून चढाच्या ऐन तोंडावर ती नको, इतकंच.

मिठाचं गणित वेगळं. लिटरभर घामातून ढोबळमानाने अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमच्याही वर सोडियम जातं, माणसागणिक फरक मोठा. काकांच्या काळ्या जर्सीवर संध्याकाळी मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते, म्हणजे ते वरच्या टोकाचे. अशा माणसाने दोन लिटर साधं पाणी प्यायल्यावर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. फार जास्त प्यायलं तर ते जिवावरही बेतू शकतं, म्हणून "तहान नसली तरी पीत राहा" हा सल्ला आम्ही ग्रुपमध्ये बंद केला आहे.

इथे ओआरएसबद्दल एक गैरसमज: ते प्यायलं की पायांना इंधनही मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम! मीठ-पाणी भरून काढायला ते उत्तम, पण पायांना इंधन म्हणून एक लिटर ओआरएस म्हणजे एक छोटं वेलची केळं. उलट, ओआरएस नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांची गोष्ट वेगळीच होती. सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव छापायला एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. घरचं पेय सोपं आहे: लिटरला साठ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅम मीठ, सुमारे सहाशे मिलिग्रॅम सोडियम. साखरेचं प्रमाण सहा टक्के, पोटाला सोसणारं.

आणि वजन. खोपोलीहून तीन लिटर म्हणजे तीन किलो पाणी साडेपाचशे मीटर वर चढवलं, ते कुठे? तर लोणावळ्याला, जिथे कोपऱ्याकोपऱ्यावर पाणी मिळतं. त्यात पाठ झाकलेली. आपल्या दमट हवेत घाम आधीच वाळत नाही, त्यात शरीर गार करणारा एवढा मोठा भाग पॅकखाली बंद.

हात कुठे मोकळा होतो

ब्लॅडर आणि नळीची कल्पना हँडल न सोडता पिता यावं यासाठीच निघाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायकेल आयड्सन नावाच्या रुग्णवाहिका-कर्मचाऱ्याने टेक्ससमधल्या उन्हाळी शंभर मैलांच्या सायकल राइडसाठी सलाइनची पिशवी पायमोज्यात घालून पाठीला लावली. त्यातून कॅमलबॅक कंपनी उभी राहिली. गंमत म्हणजे ती राइड डांबरी रस्त्यावरची. नळीची खरी गरज पडली ती दगडांच्या वाटेवर. पण नळीतून पाणी येतं, खाणं येत नाही, आणि काकांच्या बाबतीत नळीने फक्त अर्धा प्रश्न सोडवून उरलेला अर्धा लपवला.

दुसरीकडे, ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीचे व्हिडिओ बघून "एक बाटली पुरे, पॅक कशाला" म्हणणारी पोरंही आमच्याकडे आहेत. ती शर्यत दीड तासाच्या आसपास संपते, फेरी काही किलोमीटरचीच असते, आणि ठरवून दिलेल्या फीड झोनमध्ये माणूस भरलेली बाटली हातात देतो. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून होणाऱ्या आठ दिवसांच्या केप एपिकमध्येही वाटेत पाणी-खाण्याचे थांबे असतात. फणसराईला आपल्याला बाटली द्यायला कोण उभं असणार?

ताईंची पद्धत या दोन्हींच्या मधली आहे. त्यांची फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली) सायकल, फ्रेमच्या त्रिकोणात जेमतेम एक बाटली बसते. ती बाटली त्या रबरी पट्ट्याने आवळतात आणि तोंडावर झाकण असलेलीच घेतात. कमरेच्या पॅकमध्ये दीड लिटरचा ब्लॅडर, त्यामुळे पाठ मोकळी. हँडलच्या बाजूला, स्टेमला (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याला) लागून, उघड्या तोंडाची कापडी पिशवी. त्यात दुधा-गुळातली दशमी दोन घासांचे तुकडे करून, आणि मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे, प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून. हातमोज्यासकट एका हाताने उघडतं की नाही, ही त्यांची चाचणी. राजगिऱ्याचा लाडू त्या चाचणीत नापास: धक्क्यांनी भुगा होतो, आणि धापा टाकताना तो भुगा घशात जाऊन ठसका लागतो. (हीच उघडी पिशवी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या चढावर नेऊ नये. तिथली माकडं ताईंच्या चाचणीत पहिल्या श्रेणीत पास होतील.)

ताई घड्याळ बघून खात नाहीत, वाट बघून खातात. मला या प्रकरणातून घ्यावीशी वाटलेली गोष्ट हीच. "दर वीस मिनिटांनी खा" हा नियम रोडचा. डोंगरात विसावं मिनिट नेमकं दगडी उतारावर येतं. म्हणून आम्ही काकांसाठी मार्गाच्या नकाशावर हात मोकळा होणारे तुकडे आधी खुणेने लावले: शिंग्रोबाच्या अलीकडचा आणि पलीकडचा चढ, खंडाळा ते लोणावळा, तुंगार्लीचं डांबर संपण्याआधीचा शेवटचा पट्टा, मग पठारावरचे सपाट तुकडे. ओढ्यांच्या उतारात फक्त नळीचा घोट, तोही उतरून झाल्यावर.

दुसरी खेप

थंडीत काका त्याच वाटेवर परत आले. ब्लॅडर आता दोन लिटरचा, आणि खोपोलीहून निघताना त्यात अर्धाच लिटर. लोणावळ्यात भरून घेतला. पट्ट्याने आवळलेल्या बाटलीत लिंबू-साखर-मीठ, आणि त्याच मिश्रणाची कोरडी पुडी टॉप ट्यूबवरच्या (फ्रेमच्या वरच्या दांडीवरच्या) छोट्या बॅगेत, म्हणजे बाटली गेली तरी साखर-मीठ जात नाही. त्याच बॅगेत बिया काढून चपटे केलेले खजूर, दशमीचे तुकडे आणि घरीच फोडून कागदात सुटी केलेली चिक्की. घाटात भूक नसतानाही खाल्लं. उधेवाडीला अर्धीच भाकरी, भात-साखर जास्त, आणि निघायच्या आधी पाऊण तास ओसरीवर आडवे. थांब्यांचं आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं, फणसराईला दोन्ही वेळा सगळे पाच मिनिटं उतरणार, त्यामुळे कोणी कोणासाठी थांबलं असं झालं नाही.

परतीच्या शेवटच्या चढावर पोटरीत गोळे आले, पण काका सायकलवरच होते आणि घाट उतरून खोपोलीची गाडी गाठली. गोळ्यांचं कारण मीठ की सरावाचा अभाव, यावर ग्रुपमध्ये दोन तट आहेत. हवा थंड होती, हेही विसरता येत नाही. मेच्या उन्हात हीच तयारी पुरेल असं मी म्हणणार नाही.

काही कटकटी शिल्लक आहेत. टॉप ट्यूबची बॅग उभं राहून पेडल मारताना काकांच्या गुडघ्याला लागते. ताईंना सॅडलखाली खाण्याची मोठी बॅग लावायची होती, पण ड्रॉपर पोस्ट (बटणाने वर-खाली होणारी सीटची दांडी) खाली केली की ती मागच्या चाकाला घासते, म्हणून तो बेत सोडला. नळीतलं पहिलं पाणी उन्हात गरम होतं, त्यावर पिऊन झाल्यावर फुंकून पाणी परत ब्लॅडरमध्ये ढकलणं हा उपाय चालतो. अर्धा ब्लॅडर आदल्या रात्री फ्रीझरमध्ये आडवा ठेवून सकाळी वर पाणी भरणं त्याहून बरं. ब्लॅडरमध्ये गोड पेय भरायचं नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे, कारण मुंबईच्या हवेत तो दोन दिवसांत आतून काळा पडतो आणि नळी धुणं म्हणजे शिक्षा. धुऊन उलटा टांगूनही सुकत नसेल तर आम्ही तो सरळ फ्रीझरमध्येच ठेवतो.

काकांना आता एखाद्या लांब शर्यतीत उतरायचं आहे. त्यांना सांगितलंय की फॉर्म भरायच्या आधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा: पाण्याचे थांबे किती किलोमीटरवर आहेत, आणि तिथे बाटली बदलून मिळते की ग्लासात पाणी देतात. बाटली मिळणार असेल तर पाठ मोकळी ठेवून एका बाटलीवर भागतं. ग्लास असेल तर ब्लॅडर घ्यावा लागेल, आणि कोरड्या पुड्या हातमोज्याने फोडण्याचा सराव आरेतच करून ठेवावा लागेल.